पाण्यात बुडालेली मोटार जळते तेव्हा

खराडीत उन्हाळा लागला, की सोसायट्यांच्या फाटकांशी टँकर उभे राहतात आणि वाइंडिंगच्या दुकानांत बोअरच्या मोटारी येऊन पडतात. आमच्या सोसायटीची मोटार एकाच उन्हाळ्यात दोनदा जळली. बोअरमध्ये पाणी होते, मोटार बुडालेली होती. मग ती जळली कशी? या प्रश्नाने मला त्या विषयात ओढले.

मोटारीला दिलेली सगळी वीज फिरण्यात खर्ची पडत नाही. तांब्याच्या तारेतून प्रवाह जाताना उष्णता निर्माण होते. प्रवाह दुप्पट झाला, तर ती चौपट होते. लोखंडी गाभ्यातले सतत उलटसुलट होणारे चुंबकत्व आणि बेअरिंगचे घर्षण तीत भर घालतात. तांबे वितळायला सुमारे 1085 अंश सेल्सिअस लागतात. मोटार मात्र त्याच्या कितीतरी आधी मरते, कारण तारेवरचे आवरण आधी हार मानते. ढोबळ नियम असा, की तापमान दर 10 अंशांनी वाढले, की आवरणाचे आयुष्य निम्मे होते.

जमिनीवरच्या मोटारीला मागे पंखा असतो. साडेसहा इंची बोअरमध्ये त्याला जागा कुठली? तिथे मोटार तळाशी, पंप तिच्यावर आणि पाणी आत घेणारी जाळी दोहोंच्या मध्ये असते. खालून येणारे पाणी मोटारीच्या अंगावरून वर चढते आणि उष्णता घेऊन जाते. म्हणजे नुसते पाणी असून भागत नाही, ते वाहते हवे.

इथेच आपला काळा पाषाण आडवा येतो. त्यात पाणी सगळीकडे भरलेले नसते. भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून येते. पातळी उतरली, की आपण मोटार आणखी खाली सोडतो. ती सगळ्या भेगांच्या खाली गेली, की पाणी वरून थेट जाळीत शिरते. मोटारीभोवतीचे पाणी मात्र जागीच तुंबते आणि तापत राहते.

उपाय साधा आहे. मोटारीवर वरून बंद, खालून उघडी अशी नळी चढवली, की पाण्याला खालून वळसा घेऊन मोटारीवरूनच यावे लागते. पाणीच संपले, तर मोटार बंद करणारे संरक्षक उपकरणही मिळते.

तिसऱ्या वेळी आम्ही दोन्ही बसवले. मोटार वाचली, भेगांतले पाणी मात्र कोणत्याही नळीने वाढत नाही.