नव्या आवृत्तीचा फेरफार

कोरेगाव तालुक्यातील आमच्या रहिमतपुरात सातबाऱ्याचा उतारा ज्याने एकदा तरी बारकाईने वाचला असेल, त्याला हे ठाऊक असते की जुने नाव तेथे पुसले जात नाही, ते कंसात जाते. आणि नव्या नावाशेजारच्या फेरफार क्रमांकाचा माग काढीत गाव नमुना सहापर्यंत गेले, की खरेदी, वारसा अथवा वाटणी यांपैकी कोणत्या कारणाने तो बदल झाला याचा उलगडा होतो. दफ्तर राखून, क्रमाने आणि नोंदीनिशी बदल करण्याचा हा महसुली दंडक डेबियन या मुक्त संगणकप्रणालीतील डीबीकॉन्फिग-कॉमन नामक एका अप्रसिद्ध साधनात मला पुन्हा भेटला.

इयान मरडॉक यांनी 1993 साली आरंभिलेल्या डेबियनमध्ये सॉफ्टवेअर पॅकेजच्या रूपाने येते. नवे पॅकेज आले की जुन्या फाइली काढून नव्या ठेवणे सोपे. परंतु राउंडक्यूबसारख्या ईमेलच्या सॉफ्टवेअरने वर्षानुवर्षे डेटाबेसमध्ये साठविलेले पत्ते टाकून देता येत नाहीत, तेथे आतला मजकूर न सांडता तक्त्यांची रचनाच पालटावी लागते. हे जोखमीचे काम प्रत्येक पॅकेजचा सांभाळकर्ता आपापल्या परीने करी. शॉन फिनी यांनी त्याची सर्वांना पुरेल अशी एकच व्यवस्था सिद्ध केली.

तिची रीत अशी. पूर्वी कोणती आवृत्ती होती हे डीपीकेजी हा पॅकेजांचा कारभारी पॅकेज बसविल्यावर चालणाऱ्या पोस्टइन्स्ट या स्क्रिप्टला कळवितो. बदलांच्या फाइलींना आवृत्त्यांचीच नावे असतात. त्यांतून जुन्या आवृत्तीनंतरच्या तेवढ्या निवडून त्या ओळीने लागू केल्या जातात. येथे 1.9 च्या नंतर 1.10 येते, आधी नव्हे. दशांश अपूर्णांकांची सवय असलेल्याने हे ध्यानी धरावे.

तत्पूर्वी मात्र संपूर्ण डेटाबेसची नक्कल घेतली जाते, आणि माझ्या मते या साधनाचे खरे मोल तेथेच आहे. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेस-प्रणालीत रचनेतील बहुतेक बदल एका व्यवहारात बांधून, बिघडल्यास समूळ मागे घेता येतात. मायएसक्यूएलमध्ये तशी सोय नाही, आणि पाचांपैकी तिसऱ्या बदलाशी गाडे अडले तर पहिले दोन झालेलेच राहतात. अशा वेळी साधन थांबून विचारते: पुन्हा प्रयत्न करावा, काम सोडावे, की चुकीकडे दुर्लक्ष करावे? हा तिसरा पर्याय, कारण नेमके कळल्यावाचून, कोणीही स्वीकारू नये.

परवा रात्री घरी राउंडक्यूब अद्ययावत करीत असता पडद्यावर प्रथम नकलेची ओळ उमटली, मग अमुक आवृत्तीपासून तमुक आवृत्तीपर्यंतचे बदल लागू होत असल्याची, आणि अखेरीस प्रशासकाचा पासवर्ड पुसून टाकीत असल्याची. काम होताच तिजोरीची किल्ली स्वतःजवळ न ठेवणारा हा कारकून मला फार आवडला. एकच गोष्ट खटकली: नक्कल तो '/व्हार/कॅश' या, नावाप्रमाणेच तात्पुरत्या गोष्टींसाठी असलेल्या जागी, बहुधा मूळ डेटाबेसच्याच डिस्कवर ठेवतो. निजण्यापूर्वी ती फाइल मी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतली.