रिमोटचा ट्रक सारखा का मोडतो?

दिवाळीच्या सुट्टीत मुलाला रिमोट कंट्रोलचा ट्रक घेऊन दिला. खेळण्यांच्या दुकानातला पाच-सातशेचा नव्हे. तो स्वतः पैसे साठवत होता, उरलेले आम्ही घातले आणि हौशी लोक चालवतात तसा, खऱ्या ट्रकच्या एक दशांश आकाराचा ट्रक आला. पहिल्याच संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो फुटपाथच्या कडेवर आपटला आणि पुढच्या चाकाचा दांडा तुटला. नवा दांडा यायला अकरा दिवस लागले. तो बसवला, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूचा तुटला. तिसऱ्यांदा गिअरचे दात गेले तेव्हा मी म्हणालो, "नीट चालवता येत नसेल तर ठेवून दे कपाटात."

तो काही बोलला नाही. दुरुस्ती झाल्यावर त्यानं रिमोट माझ्या हातात दिला. "बाबा, तूच चालवून दाखव." मी गेली पंचवीस वर्षं मोटार चालवतो. एक मिनिटसुद्धा झालं नसेल, ट्रक सोसायटीच्या लोखंडी गेटवर जाऊन आदळला.

त्या दिवसापासून मी बोलणं थांबवलं आणि असं का होतं ते समजून घ्यायला लागलो. उत्तर थोडं भौतिकशास्त्रात आहे आणि बरंचसं आपल्या मेंदूत.

डावं-उजवं उलटं होतं तेव्हा

ट्रक आपल्यापासून दूर जात असतो तोवर सगळं सोपं असतं. रिमोटचं चाक डावीकडे फिरवलं की ट्रक डावीकडे वळतो. पण तो वळून आपल्याकडे येऊ लागला की त्याची डावी बाजू ही आपली उजवी बाजू होते. समोर भिंत दिसते, आपण सवयीनं तिच्यापासून लांब जायला चाक फिरवतो, आणि ट्रक नेमका भिंतीकडे जातो. नवशिक्यांचे बरेचसे अपघात ट्रक परत येताना होतात ते यामुळे.

यावर उपाय म्हणून आपण मनातल्या मनात ट्रकमध्ये जाऊन बसतो, म्हणजे ते चित्र डोक्यात फिरवून घेतो. या फिरवण्याला वेळ लागतो हे १९७१ मध्ये रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. ठोकळ्यांच्या दोन आकृत्या सारख्या आहेत की वेगळ्या, एवढंच लोकांना सांगायचं होतं. एक आकृती दुसरीच्या तुलनेत जितक्या जास्त अंशांनी फिरवलेली, तितका उत्तराला जास्त वेळ लागला. जणू डोक्यात ती आकृती खरोखरच ठराविक वेगानं फिरत होती.

त्यात साधी प्रतिक्रियासुद्धा तत्काळ नसते. समोर काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत सुमारे पाव सेकंद जातो. ताशी ५० किलोमीटर वेगाचा ट्रक तेवढ्यात साडेतीन मीटर पुढे गेलेला असतो. त्यावर 'डावं की उजवं?' हा विचार आला की आणखी वेळ जातो. तोवर भिंत आलेली असते.

माझा मोटार चालवण्याचा अनुभव इथे उपयोगी पडला नाही, उलट आडवा आला. पक्की झालेली सवय सहजी मागे सरत नाही. अमेरिकेतले अभियंते डेस्टिन सँडलिन यांनी हँडल डावीकडे वळवलं की चाक उजवीकडे वळेल अशी सायकल चालवायला घेतली, तेव्हा ती जमायला त्यांना सुमारे आठ महिने लागले. त्यांच्या लहान मुलाला दोन आठवडे पुरले. एका माणसाचा अनुभव म्हणजे काही प्रयोग नव्हे. पण गेटवर आदळलेल्या बापाला त्यातून बराच धीर येतो.

वेग दुप्पट, मार चौपट

आता भौतिकशास्त्राकडे येऊ. धावत्या वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आकडे बाजूला ठेवून असं बघा: ताशी ५० किलोमीटर वेगानं भिंतीवर आदळणं म्हणजे सुमारे पावणेदहा मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडणं. वेग निम्मा केला, ताशी २५ किलोमीटर, तर ती उंची अडीच मीटरच्या आत येते. तिसऱ्या मजल्यावरून ट्रक खाली टाकायचं आपल्या मनातही येणार नाही. पण रिमोटचा घोडा पूर्ण दाबताना आपण तेच करत असतो.

म्हणूनच जास्त ताकदीची बॅटरी लावायची घाई करू नये. या ट्रकच्या लिथियम पॉलिमर बॅटरीत एकेका सेलचा दाब ३.७ व्होल्ट धरतात. दोन सेलऐवजी तीन सेलची बॅटरी लावली तर मोटरचा वेग साधारण दीडपट होतो, पण धडकेची ऊर्जा सव्वादोनपट. प्रत्येक ट्रकला तीन सेलची बॅटरी चालतेच असंही नाही.

धडकेत ट्रक किती अंतरात थांबतो, यावरही बरंच अवलंबून असतं. अडीच किलोचा ट्रक ताशी ५० किलोमीटरवरून पाच सेंटिमीटरमध्ये थांबला तर त्याच्यावर सरासरी पाचशे किलो वजनाइतका जोर येतो. तो दहा सेंटिमीटरमध्ये थांबला तर जोर निम्मा. पुढचा मऊ बंपर आणि वाकणारे प्लॅस्टिकचे दांडे हेच काम करतात. दांडा तुटला की 'आता ॲल्युमिनियमचाच बसवू' असं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण धातूचा दांडा वाकत नाही, तो धक्का पुढे सांगाड्याकडे पाठवतो, आणि मग स्वस्त दांड्याऐवजी महागडा सांगाडा तडकतो. प्लॅस्टिकचा दांडा घरातल्या फ्यूजसारखा आहे. तो जातो म्हणून बाकीचं वाचतं.

उडी मारताना

मुलांना उडी हवीच असते, आणि गिअर बहुतेक तिथेच जातात. हवेत चाकांना जमिनीचा अडथळा नसतो. घोडा दाबलेला राहिला तर ती सुसाट फिरतात. ट्रक खाली आला की जमीन त्यांना एका क्षणात आवरते आणि सगळा धक्का गिअरच्या दातांवर आणि चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांवर येतो.

पण हवेतला घोडा निरुपयोगी नाही. चाकं पुढच्या दिशेनं जोरात फिरू लागली की ट्रकचं धड उलट्या दिशेनं फिरतं आणि नाक वर उचललं जातं. ब्रेक दाबला की नाक खाली येतं. फिरण्याची एकूण मात्रा कायम राहते, चाकं आणि धड ती एकमेकांत वाटून घेतात. शिकणाऱ्यासाठी नियम सोपा: हवेत नाक सावरायला घोड्याचा हलका स्पर्श, आणि चाकं टेकण्याआधी बोट सैल. आधी उडी वीतभर उंचीची, मग पुढचं.

कमी मोडतोड करत शिकायचं कसं?

कोणतंही हाताचं कौशल्य तीन टप्प्यांतून जातं, असं पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर यांनी १९६७ मध्ये मांडलं. पहिल्या टप्प्यात प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते. दुसऱ्यात चुका कमी होत जातात. तिसऱ्यात हात आपोआप चालतो. मेंदूच्या मागच्या बाजूला, खाली असलेला लहान मेंदू या शिकण्यात मोठा वाटा उचलतो. अपेक्षित काय होतं आणि झालं काय, यातला फरक तो टिपतो आणि पुढची हालचाल सुधारतो. म्हणजे चूक झाल्याशिवाय शिकणं नाही. फक्त ती चूक स्वस्तात व्हायला हवी. पहिल्या टप्प्यात ताशी ५० किलोमीटरनं चालवलं तर प्रत्येक चुकीला एक दांडा मोजावा लागतो.

आम्ही जे केलं ते असं. पार्किंग सोडून मोकळं मातीचं मैदान गाठलं. काही रिमोटमध्ये वेग निम्म्यावर आणायची सोय असते, ती सुरू केली. पाण्याच्या दोन बाटल्या सहा-सात पावलांवर ठेवल्या आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत राहिलो. आठमध्ये ट्रक प्रत्येक फेरीत एकदा दूर जातो, एकदा समोर येतो. डावं-उजवं उलटं करायचा सराव आपोआप होतो.

आठ जमल्यावर आम्ही तेच घोटत बसलो नाही. कधी आठ, कधी ठरल्या जागी थांबणं, कधी मागे घेणं, असं मिसळून केलं. जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन यांनी १९७९ मध्ये हाताच्या हालचालींवर प्रयोग केला होता. एकच हालचाल सलग घोटणारे सराव करताना सरस दिसले. पण काही काळानं पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा मिसळून सराव करणारे पुढे होते. सराव करताना अडखळायला होतं म्हणून तो वाया जातो असं नाही.

आणि झोप. बोटांनी ठराविक क्रमानं कळा दाबायला शिकलेल्या लोकांचा वेग एका रात्रीच्या झोपेनंतर, मधे काहीही सराव न करता, सुमारे २० टक्क्यांनी वाढल्याचं मॅथ्यू वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००२ मध्ये आढळलं. बॅटरी पंधरा-वीस मिनिटांत संपते, ते एका परीनं बरंच आहे. मोटर थंड होते आणि डोकंही. एका रविवारी तीन तास चालवण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं बरी.

एक सराव मात्र मुद्दाम करावा लागतो: बोट सोडण्याचा. घाबरलं की मूठ आवळली जाते आणि घोडा आणखी दाबला जातो. म्हणून एकानं अचानक 'सोड!' म्हणायचं आणि दुसऱ्यानं लगेच बोट काढायचं, असा खेळ आम्ही खेळलो. गेटपाशी मला तेवढंच जमलं असतं तरी पुरलं असतं.

हे खेळणं नाही

अडीच किलोची वस्तू त्या वेगानं घोट्यावर आदळली तर हाड मोडू शकतं. रस्त्यावर, गर्दीत, रांगत्या मुलांजवळ हा ट्रक चालवू नये. बघणाऱ्यांनी चालवणाऱ्याच्या मागे उभं राहावं. रिमोट बंद पडला तर ट्रक आपणहून थांबतो का, हे चाकं उचलून धरून आधी तपासावं.

बॅटरीबाबत तर हयगय नकोच. प्रत्येक सेल समान भरणारा, याच बॅटरीसाठीचा चार्जर वापरावा. सेल ४.२ व्होल्टच्या वर जाऊ नये आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू नये. काही दिवस ठेवायची असेल तर सुमारे ३.८ वर ठेवावी. गादीवर, सोफ्यावर किंवा घरात कुणी नसताना चार्जिंग करू नये. फुगलेली किंवा चेपलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही, कितीही महाग असो. ती पेट घेऊ शकते.

आमचा ट्रक आजही मोडतो, पण महिन्यातून एखाद्या वेळी. सुटे दांडे डब्यात असतात आणि ते बसवायला मुलाला आता माझी गरज लागत नाही. गेल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरचा सहा वर्षांचा मुलगा रिमोट मागत होता. मुलानं त्याला मैदानात नेलं, दोन बाटल्या ठेवल्या, वेग निम्म्यावर आणला आणि म्हणाला, "आधी हळू चालव. आपटला तर आपटू दे, दांडा आहे माझ्याकडे." हे वाक्य पहिल्या संध्याकाळी मी म्हणायला हवं होतं.