डॉक्टर विचारतात ‘ओके?’, आपण म्हणतो ‘ओके!’

कुवेतच्या कोणत्याही मुस्तौसफमध्ये घटकाभर बसा, हा प्रकार हमखास पाहायला मिळतो. डॉक्टर चिठ्ठी पुढे करून विचारतात, ‘ओके?’ आपला माणूस मान डोलावून म्हणतो, ‘ओके, डॉक्टर!’ भेट संपली. बाहेर येऊन तोच माणूस शेजारच्याला विचारतो, ‘अहो, ही गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर?’ शेजारचे गृहस्थ ठोकून देतात, ‘आधीच घ्या, आमचा भाऊ आधीच घेतो!’

मंडळी, वरवर हा विनोद वाटतो, पण त्यात भल्याभल्यांचे प्राण अडकलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली एक अहवाल काढला. विकसित देशांतसुद्धा मधुमेह, रक्तदाब अशा जुन्या दुखण्यांचे निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषध घेतात, असं त्यात म्हटलं आहे. आपण लगेच म्हणतो, ‘लोक आळशीच!’ पण सगळा दोष आळसाचा नाही. पुष्कळदा गोष्ट बिघडते ती डॉक्टरांच्या टेबलापाशी, बोलण्यात.

अमेरिकेत या विषयाचा बराच अभ्यास झाला आहे. उत्पन्न आणि विमा सारखा असला तरी काळ्या आणि इतर अल्पसंख्य रुग्णांना कमी दर्जाचे उपचार मिळतात, असं तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००२ साली सांगितलं. २००४ मध्ये काही संशोधकांनी तपासणीच्या खोलीतली संभाषणंच टेप करून ऐकली. काळ्या रुग्णांसमोर डॉक्टर स्वतःच जास्त बोलत होते. रुग्णाच्या मनातलं काढून घेणारं बोलणं गोऱ्यांच्या मानाने ३३ टक्क्यांनी कमी होतं. आता ज्याचं कोणी ऐकूनच घेतलं नाही, तो ‘ही गोळी मला सोसत नाही’ असं सांगणार तरी कधी?

कुवेतमध्ये आपली ओळख कातडीच्या रंगापेक्षा सिव्हिल आयडीवरच्या राष्ट्रीयत्वाने ठरते. १९९९ च्या कायद्याने परदेशी लोकांना आरोग्य विमा सक्तीचा झाला. २०१३ मध्ये जहरा हॉस्पिटलची सकाळची ओपीडी प्रयोग म्हणून फक्त कुवेती नागरिकांसाठी ठेवली आणि परदेशी रुग्णांना संध्याकाळची वेळ दिली. डिसेंबर २०२२ मध्ये परदेशी रुग्णांच्या औषधांवर फी बसली, प्राथमिक केंद्रात ५ दिनार आणि हॉस्पिटलच्या ओपीडीत १०. खासगी क्षेत्रातला किमान पगार २०१७ साली ७५ दिनार ठरला होता, तो आकडा याच्याशेजारी ठेवून पाहा. अशा पगारातून गावी पैसे पाठवणारा माणूस महिन्याची गोळी दोन महिने पुरवतो, एक दिवसाआड घेतो. डॉक्टरांना मात्र सांगत नाही. मग रक्तदाब उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवतात!

डॉक्टरांचीही बाजू पाहायला हवी. पुष्कळ डॉक्टर आपल्यासारखेच परके, कोणी इजिप्तचे, कोणी सिरियाचे, कोणी आपल्याच देशाचे. दोघांचीही मातृभाषा नसलेल्या इंग्रजीत, नाहीतर बाजारी हिंदीत आणि चार अरबी शब्दांत काम चालतं. बाहेर रांग वाढत असते. मराठी माणूस आधीच भिडस्त. ‘डॉक्टरांना उलट कसं विचारायचं?’ हा आपला संस्कार!

पण न विचारल्याने काय होतं? रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ एनालाप्रिल किंवा रामिप्रिलने, काहींना कोरडा खोकला लागतो. माणूस खोकल्याला कंटाळून गोळी बंद करतो. सांगितलं असतं तर डॉक्टरांनी दुसऱ्या जातीची गोळी दिली असती. मेटफॉर्मिनने सुरुवातीला पोट बिघडतं. ती जेवणासोबत घ्यायची असते. लघवी होण्याची गोळी उन्हात साइटवर काम करणारा माणूस घेतच नाही, कारण जवळ संडास नसतो. वेळ बदलता येईल का, हे त्याने विचारायचं आणि डॉक्टरांनी ठरवायचं. संकष्टीला किंवा एकादशीला उपाशी राहून ग्लिमेपिराइडसारखी साखरेची गोळी घेतली, तर साखर एकदम उतरून चक्कर येते. अरबी नावाच्या डॉक्टरांना एकादशी कुठून ठाऊक असणार? ते आपणच सांगायला हवं.

आपल्या घरातला आणखी एक घोळ म्हणजे गावाहून आणलेली औषधं. भारतातली ग्लायकोमेट आणि इथली ग्लुकोफाज, दोन्ही मेटफॉर्मिनच. तिकडची क्रोसिन आणि इथलं पॅनाडोल, दोन्ही पॅरासिटामॉल. नावं वेगळी म्हणून दोन्ही घेणारे लोक आहेत. इथल्या पाकिटावर अरबी आकडे असले तर आणखी गंमत. अरबी पाच आपल्याला शून्यासारखा दिसतो आणि सहा इंग्रजी सातासारखा!

हा सगळा विषय आपल्या दारात आणून ठेवायचं कारण साखर. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजाप्रमाणे कुवेतमधल्या प्रौढांपैकी सुमारे चौथा हिस्सा मधुमेही आहे. त्यात आपण भारतीय. सडपातळ दिसणाऱ्या माणसालाही आपल्याकडे साखर गाठते.

तेव्हा काही सोप्या सवयी लावून घेऊ या. घरातल्या सगळ्या औषधांची एक यादी करून पाकिटात ठेवावी, ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून. गावची औषधं, काढे, चूर्णंसुद्धा त्यात यावीत. डॉक्टरांचं सांगून झालं की ‘ओके’ म्हणण्याऐवजी ‘डॉक्टर, मी असं समजलो’ म्हणून सगळं परत बोलून दाखवावं. चूक असेल तर तिथेच कळते, आणि त्याला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. गोळी सोसत नसेल किंवा परवडत नसेल तर लाज न बाळगता सांगावं. बंद करायची असेल तर आधी विचारावं, कारण रक्तदाब वाढल्याचं बहुधा कळतच नाही.

शेवटचं थोडं आपल्या स्वतःबद्दल. साल्मियातल्या फ्लॅटमध्ये राहणारे आपण इंग्रजीत निभावून नेतो. पण जलीबच्या किंवा महबूलाच्या खोलीत आठजण मिळून राहणारा रत्नागिरीचा सुतार, ड्रायव्हर, स्वयंपाकी? गणपतीच्या आरतीला तो आपल्या शेजारी उभा असतो, दवाखान्यात मात्र एकटा जातो. इंडियन डॉक्टर्स फोरमची मोफत शिबिरं होतात, तिथे त्याला घेऊन जाणारं कोणीतरी हवं. आपल्या मंडळात डॉक्टर आहेत, नर्सताई आहेत, सफाईने अरबी बोलणारी कॉलेजातली मुलं आहेत. महिन्यातला एक शुक्रवार चिठ्ठ्या वाचून दाखवायला आणि पाकिटावर ‘सकाळी एक, जेवल्यावर’ असं ठळक मराठीत लिहून द्यायला ठेवला तर? एक मार्कर पेन आणि दोन तास, खर्च एवढाच. ज्यांना यात हात लावायचा असेल, त्यांनी मंडळाच्या पुढच्या सभेत जरूर सांगावं. आम्ही आमची नावं पहिली दोन म्हणून लिहून ठेवली आहेत.