देवराई आणि गावाचा कौल

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि कोकणात अनेक जुन्या गावांच्या शिवारात ग्रामदेवतेच्या नावाने राखलेले दाट रान आढळते. त्यास देवराई किंवा देवरहाटी म्हणतात. या रानात कुऱ्हाड चालवू नये, असा परंपरागत दंडक आहे. काही गावी पडलेले लाकूड नेण्यास मुभा असते. काही गावी वाळली काटकीही कोणी उचलीत नाही. दंडक देवाच्या नावाचा असला, तरी त्याचे तपशील गावोगावी निराळे आहेत. ते ग्रामस्थांनीच ठरविले, हे यावरून उघड होते.

देवळाच्या कामासाठी लाकूड हवे असल्यास देवीला कौल लावण्याची चाल आहे. मूर्तीला चिकटविलेल्या कळ्यांपैकी उजवीकडील पडली तर होकार, डावीकडील पडली तर नकार. ही रीत भाबडी म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. परंतु तिच्यामुळे झाडतोडीचा प्रश्न साऱ्या गावासमोर येत असे, आणि कोणा एकाला परस्पर झाड विकता येत नसे. आजच्या कित्येक ठरावांबाबत एवढे म्हणता येणार नाही.

डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला, तेव्हा या रक्षणाचे मोल अभ्यासकांच्या ध्यानी आले. भोवतालचे डोंगर कोळशासाठी व लागवडीसाठी उघडे पडले असता येथे गारंबीच्या अजस्र वेली आणि बेहड्यासारखे जुने वृक्ष टिकून राहिले. अशा वृक्षांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो. पालापाचोळ्याच्या जाड थरातून पावसाचे पाणी सावकाश मुरते; त्यामुळे अनेक देवरायांना लागून झरा वा ओढा असतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे येथे रानजायफळाच्या कुळातील वृक्षांची दुर्मिळ दलदल देवराईमुळेच वाचली. तिला आता जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आहे.

मात्र श्रद्धा असली म्हणजे रान राहीलच, असे नाही. जुन्या उघड्या स्थानाच्या जागी सिमेंटचे प्रशस्त मंदिर, सभामंडप आणि वाहनतळ उभारण्याची ओढ वाढली आहे. जीर्णोद्धाराच्या खर्चासाठी देवीचीच झाडे विकल्याचीही उदाहरणे आहेत. भक्ती तीच राहते. तिचे स्थान तेवढे झाडांवरून इमारतीकडे सरकते.

जैवविविधता कायदा, २००२ अन्वये स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समितीची तरतूद आहे. तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत देवराईची नोंद करता येते. ग्रामपंचायतीने हे काम हाती घेताना शाळेतील मुलांना झाडांची गणती करण्यास सांगावे आणि गुरवास व वृद्ध ग्रामस्थांस बरोबर घेऊन हद्द प्रत्यक्ष फिरून पाहावी. पुष्कळ ठिकाणी सातबाऱ्यावर ही जमीन शासनाच्या नावे आहे. देवराई कोठून कोठवर, हे मात्र याच मंडळींना ठाऊक आहे.