गाडीच्या पुढून ‘ठक-ठक’ येतेय? पार्ट बदलण्याआधी एवढं तपासा

सुरत–धुळे महामार्गावर नवापूर सोडून धुळ्याकडे निघालं की विसरवाडी लागते, आणि विसरवाडीनंतर कोंडाईबारीचा घाट. आपल्या भागातल्या घरांची निम्मी नातीगोती या एकाच रस्त्यावर आहेत. कुणाची बहीण सुरतला दिलेली, कुणाचं सासर धुळ्याला, कुणाचे चुलते मालेगावला. शादी असो, मयत असो किंवा ईदची भेट, गाडीत सहा-सात माणसं, मागे सामान, आणि समोर घाट. अशा वेळी पुढच्या चाकाकडून ‘ठक’ असा आवाज यायला लागला की गाडीतल्या सगळ्यांचे कान टवकारतात आणि चालवणारा म्हणतो, “काही नाही, चालतं.”

कधी खरंच चालतं. कधी अजिबात चालत नाही. दोन्हींतला फरक ओळखायला मिस्त्री असावं लागत नाही.

आधी गाडीची रचना समजून घेऊ. जीप, बोलेरो, ईको या गाड्यांत ताकद मागच्या चाकांना मिळते. इंजिनपासून मागे लांब शाफ्ट जातो, त्याला ‘क्रॉस’ असतात. आपल्याकडचे जुने मिस्त्री याच गाड्यांवर तयार झाले, म्हणून ‘ठक’ ऐकला की त्यांचा हात आधी क्रॉसकडे जातो. पण अल्टो, वॅगन आर, स्विफ्ट, अर्टिगा यांत तो शाफ्टच नाही. इंजिन आडवं बसवलेलं, आणि त्याच्या बाजूने दोन आखूड शाफ्ट निघून थेट पुढच्या दोन चाकांना जातात. त्यांना गॅरेजमध्ये ‘अ‍ॅक्सल’ म्हणतात. इंजिन आडवं ठेवून पुढची चाकं फिरवण्याची ही मांडणी १९५९ च्या ‘मिनी’ या ब्रिटिश गाडीने गाजवली. ती गाडी आखणारे अ‍ॅलेक इसिगोनिस यांचा जन्म तुर्कस्तानातल्या इझमीरचा. आपल्याकडे १९८३ साली मारुती ८०० आली आणि ही मांडणी साध्या घरांपर्यंत पोचली.

या मांडणीत पुढच्या चाकांवर कामाचा भार फार पडतो. गाडी ओढायची तीच, वळायची तीच, ब्रेकचा जास्त दाब तिथेच, इंजिनचं वजनही तिथेच. आवाज पुढूनच का येतात, याचं उत्तर एवढंच आहे.

गॅरेजला जाण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: आवाज नेमका कधी येतो? ‘कुठून येतो’ हे कानाला नीट कळत नाही, कारण लोखंडातून आवाज फिरतो. उजवीकडचा आवाज डावीकडे ऐकू येतो. ‘कधी’ मात्र फसवत नाही.

त्याही आधी डिक्की रिकामी करा. हसू नका. जॅक, पाना, पाण्याचा कॅन, दावतीहून परत आलेलं भांडं, नीट न कसलेली स्टेपनी, यांच्यामुळे लोकांनी शॉकअप बदलून घेतलेत. रिकामी गाडी एकदा स्पीड ब्रेकरवरून न्या. आवाज गेला तर विषय संपला.

आता वळणाचा आवाज. स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू निघाल्यावर ‘टक-टक-टक’ असा आवाज येतो आणि वेग वाढवला की तो जलद होतो, तर संशय अ‍ॅक्सलच्या चाकाकडच्या सीव्ही जॉइंटवर घ्यायचा. हा जॉइंट मोठा हुशार प्रकार आहे. चाक ४० अंशांहून जास्त वळलेलं असतानाही तो त्याला एकसारख्या गतीने फिरवतो. आत साधारण सहा पोलादी गोळ्या खाचांमधून सरकतात आणि भोवती ग्रीस भरलेलं असतं. ते ग्रीस आत राहावं म्हणून वरून रबरी पिशवी असते, तिला ‘बूट’ म्हणतात. मरतो तो आधी हा बूट. रबर चिरतं, ग्रीस फिरत्या शाफ्टवरून उडून जातं, त्या जागी धूळ-चिखल-पाणी शिरतं, आणि मग गोळ्या खाचा खाऊ लागतात. पावसाळ्यात फाटलेला बूट फार दिवस थांबत नाही.

तपासणी सोपी आहे. मोकळ्या मैदानात स्टेअरिंग पूर्ण डावीकडे वळवा, पहिल्या गिअरमध्ये हळू गोल फिरा. मग उजवीकडे. डावीकडे वळताना आवाज जास्त असेल तर बहुतेक वेळा उजवा जॉइंट खराब असतो, कारण वळताना बाहेरच्या चाकावर भार येतो. नंतर गाडी थांबवून चाक पूर्ण वळवा आणि चाकामागे बघा. रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस शिंपडल्यासारखं दिसलं की बूट फाटला आहे. आवाज नसताना हे दिसलं तर तुम्ही नशीबवान; नुसता बूट आणि ग्रीस बदलून काम भागतं. आवाज सुरू झाल्यावर नवा बूट घालणं म्हणजे बूटाचे पैसेही वाया घालवणं, कारण खाल्लेल्या खाचा भरून येत नाहीत.

अ‍ॅक्सलच्या दुसऱ्या टोकाला, गिअरबॉक्सकडे, आतला जॉइंट असतो. तो टक-टक करत नाही, तो गाडी थरथरवतो. ओळख अशी: अ‍ॅक्सिलरेटर दाबला की थरथर, पाय काढला की शांत. सपाट रस्त्यावर एकटे असताना कळणारही नाही. पण भरलेली गाडी कोंडाईबारीच्या चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ओढायला लागली की पुढचा भाग आडवा हलल्यासारखा वाटतो. लोक याला बॅलन्सिंग समजून चाकं बॅलन्स करून आणतात, आणि थरथर तशीच राहते.

बॅलन्सिंगची थरथर वेगळी. ती ठरावीक वेगाला येते, बहुधा ८० ते १०० च्या दरम्यान, आणि पाय काढला तरी तो वेग असेपर्यंत राहते. स्टेअरिंग थरथरत असेल तर पुढची चाकं बघा, सीट थरथरत असेल तर मागची. पावसात नंदुरबारकडून खांडबाऱ्याच्या रस्त्याने आलात, कुठे शेतात गाडी उतरवलीत, तर रिमच्या आत चिखल वाळून बसतो. तेवढ्यानेही चाक थरथरतं. धुऊन बघा, मग पैसे द्या. खड्ड्यात आपटून रिम वाकलं असेल किंवा टायरला फुगा आला असेल तर बॅलन्सिंगचा उपयोग नाही. फुगा आलेला टायर महामार्गावर नेऊ नये, तो कधीही फुटतो.

फक्त ब्रेक मारल्यावर स्टेअरिंग हलत असेल तर ते डिस्कचं काम आहे. घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवणाऱ्यांच्या गाडीत हे हमखास दिसतं. खालचा गिअर टाकून उतरा. न्यूट्रलमध्ये उतरवून डिझेल वाचतं असं सांगणाऱ्यांच्या नादी लागू नका.

वेगासोबत वाढत जाणारी ‘घूं-घूं’ आणि ती वळणावर कमी-जास्त होत असेल तर चाकाचं बेअरिंग. डावीकडे वळताना वाढली तर उजवं.

गाडी सोडताना, क्लच सोडताना किंवा रिव्हर्स टाकताना एकच ‘धप्प’ येत असेल तर इंजिनचं फाउंडेशन बघायचं. इंजिन ज्या रबरी गाद्यांवर बसतं त्यांनाच गॅरेजात फाउंडेशन म्हणतात. रबर तुटलं की प्रत्येक वेळी इंजिन पुढे-मागे झुलतं. एसी लावून थांबल्यावर सगळी गाडी थरथरते आणि जरा रेस दिली की थांबते, ही त्याचीच दुसरी खूण. इंजिन झुलत राहिलं तर अ‍ॅक्सलच्या जॉइंटवरही ताण येतो, म्हणून एकाचं दुखणं दुसऱ्यापर्यंत जातं. असाच एकच धक्का ब्रेक मारताना येत असेल तर लोअर आर्मचे बुश तपासायला सांगा.

राहिला खड्ड्यातला खडखडाट. हळू वेगात लहान खड्ड्यांवर खडखड होत असेल तर बऱ्याचदा लिंक रॉड निघतो. तो स्वस्त आहे आणि घाबरण्यासारखा नाही. पण त्याच आवाजामागे लोअर आर्मचा बॉल जॉइंट असू शकतो, आणि तिथे ‘चालतं’ म्हणायचं नाही. हा जॉइंट सुटला तर चाक गाडीखाली दुमडतं, स्टेअरिंग हातात राहून उपयोग होत नाही. वळणावर मागून ट्रेलर असताना काय होईल ते सांगायला नको. गाडी सपाट जागी जॅकवर घ्या, मागच्या चाकांना दगड लावा, चाक वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवा. खालचा सांधा ढिला वाटला तर गाडी उभी करा आणि मिस्त्रीला तिथे बोलवा. जॅकवरच्या गाडीखाली मात्र कुणीही शिरू नये, पोरांना तर जवळही येऊ देऊ नका.

पंक्चर काढल्यानंतर किंवा चाक बदलल्यानंतर नवा ‘ठक-ठक’ सुरू झाला तर वरचं सगळं विसरा. लगेच बाजूला थांबा आणि चाकाचे नट बघा. चाक लावल्यावर ५०–१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा कसून घ्यायचे असतात. महामार्गावर घाईत काढलेल्या पंक्चरनंतर हे कुणी करत नाही.

गॅरेजात जाऊन “पुढून आवाज येतो” एवढंच सांगू नका. “उजवीकडे पूर्ण वळल्यावर, पहिल्या गिअरमध्ये, टक-टक” असं सांगा. मिस्त्रीला सोबत बसवून तोच आवाज ऐकवा, निघालेला जुना पार्ट मागून घ्या. बॉल जॉइंट, लोअर आर्म किंवा टाय रॉड बदलला असेल तर अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर नवे टायर एका बाजूने झिजतील.

आपल्याकडची बरीच पोरं सुरतहून जीजे पासिंगच्या जुन्या गाड्या आणतात. रंग चकाचक असतो, एसी थंड असतो. पैसे देण्याआधी विकणाऱ्यालाच स्टेअरिंग पूर्ण वळवून दोन्ही बाजूंना गोल फिरवायला सांगा आणि तुम्ही खिडकी उघडून बाजूला बसा, गाणी बंद करून. मग चाकामागे मोबाईलचा टॉर्च मारून दोन्ही बूट बघा. एकच बूट नवाकोरा आणि दुसरा जुना दिसला तर विचारा की तो कधी बदलला, आवाज यायच्या आधी की नंतर.