तिबेटी निर्वासित स्त्रियांमधील विवाहविचार

भारतात आश्रय घेतलेल्या तिबेटी समाजातील स्त्रियांच्या विवाह व लैंगिकता यांविषयीच्या कल्पना आणि त्यांत पिढीगणिक पडलेला फरक. मार्च १९५९ मध्ये दलाई लामांनी तिबेट सोडल्यावर सु. ८०,००० तिबेटी त्यांच्यामागोमाग भारतात व शेजारच्या देशांत आले. त्यांच्या वसाहतींपैकी नोर्ग्येलिंग ही वसाहत गोंदिया जिल्ह्यात (१९९९ पूर्वीचा भंडारा जिल्हा) अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गोठणगावजवळ १९७२ मध्ये वसविण्यात आली.

या निर्वासितांची पहिली पिढी ज्या तिबेटात वाढली, तेथे विवाह ही प्रामुख्याने घराण्याची बाब होती. करदायी शेतकरी कुटुंबांत जमिनीची वाटणी टाळण्यासाठी सख्खे भाऊ एकाच स्त्रीशी विवाह करीत. मुलगा नसल्यास ‘मागपा’ म्हणजे घरजावई आणीत. मागणी घालताना ‘लोंगछांग’ हे मद्य व वधूच्या मातेस ‘नुरिन’ म्हणजे दुधाचे मोल देत. सरदार घराण्यांत वधूला विवाहाची वार्ता अखेरपर्यंत न कळविण्याची चालही होती. लैंगिक विषय आप्तांसमोर, विशेषतः भावाबहिणींसमोर, काढणे लज्जास्पद मानले जाई. वाङ्‌मयात मात्र हा विषय वर्ज्य नव्हता. गेंदुन छोफेल या विद्वानाने कामसूत्राच्या आधारे रचलेला कामशास्त्रावरील पद्यग्रंथ १९३९ मध्ये भारतातच पूर्ण केला.

निर्वासनात वडिलोपार्जित जमीन उरली नाही. त्यामुळे बहुपतिकत्वाचे प्रयोजन संपले आणि ती प्रथा मागे पडली. मुलामुलींच्या एकत्र शिक्षणामुळे आणि नोकरीमुळे जोडीदार स्वतः निवडण्याची रीत रूढ झाली. शरीरधर्म व संततिनियमन यांची माहिती मुलींना शाळा व आरोग्यकेंद्रे यांतून मिळू लागली. आजीला आपल्या आईकडे जे विचारता आले नाही, ते नातीला निदान घराबाहेर तरी विचारता येऊ लागले.

तथापि स्त्रीच्या विवाहावरील सामूहिक अपेक्षांचा भार हलका झाला, असे म्हणता येत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस या समाजाचे जननमान प्रतिस्थापन पातळीच्या खाली आले. तिबेटी तरुणांचे पाश्चात्त्य देशांकडे स्थलांतरही वाढले. परिणामी समाजाबाहेर विवाह करणे, उशिरा विवाह करणे किंवा अविवाहित राहणे हे मुलीचे खाजगी निर्णय समाजाच्या अस्तित्वाशी जोडले जातात. पूर्वी घराण्याची जमीन अखंड राखण्याची जबाबदारी वधूवर होती. आता भाषा, धर्म व वंश टिकविण्याची अपेक्षा तिच्याकडून केली जाते. भारतातील तिबेटी महिला संघटनेची १९८४ मध्ये पुनर्स्थापना झाल्यानंतर स्त्रियांच्या अशा प्रश्नांना सार्वजनिक व्यासपीठ लाभले.