राजा येण्याआधीची गाणी

नाताळाची गाणी नाताळातच म्हणावीत आणि त्याआधीचे चार रविवार वाट पाहण्याच्या गाण्यांना द्यावेत, असे माझे ठाम मत आहे. बार्शीटाकळीत राहायचे, रविवारी अकोल्याला उपासनेला जायचे आणि तिथे पेटीवर बसायचे, यात माझी बरीच वर्षे गेली. हे मत त्यातूनच पक्के झाले. दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होतात न होतात तोच तरुण संघाची पोरे कॅरलच्या तालमीसाठी मागे लागतात. “काकाजी, लोकायले तेच गाणे आवळतात, मंग डिसेंबरभर कामून नाई म्हणाचे?” प्रश्न रास्त आहे आणि त्याला दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही. अंकाच्या संपादकांनी ऐसपैस जागा दिली आहे, तेव्हा इथे सविस्तर देतो.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात उरकतो. आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार. पहिला रविवार संत अंद्रियाच्या सणाला, म्हणजे 30 नोव्हेंबरला, सर्वांत जवळचा; म्हणून तो 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यानच येतो. यंदा तो 29 नोव्हेंबरला आहे, लक्ष्मीपूजनानंतर बरोबर तीन आठवड्यांनी. वेदीवर जांभळे वस्त्र, तिसऱ्या रविवारी काही ठिकाणी गुलाबी. दर रविवारी एक मेणबत्ती वाढवत न्यायची, ही रीत हॅम्बुर्गच्या योहान विखर्न यांनी 1839 मध्ये आपल्या आश्रमातल्या मुलांसाठी काढली. आणि कॅथलिक मंडळीत या रविवारांच्या मिस्सेत ‘ग्लोरिया’ म्हणत नाहीत, कारण ते मेंढपाळांना ऐकू आलेले देवदूतांचे गाणे, ते नाताळच्या रात्रीसाठी राखून ठेवायचे. माझा मुद्दा या शेवटच्या रिवाजात अख्खा आला आहे. जे गाणे राखून ठेवले, ते म्हणण्याची वेळ आली की छाती भरून येते. महिनाभर रोज म्हटलेले गाणे 25 तारखेला शिळे लागते.

मग या चार रविवारी म्हणायचे काय? आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो. आमच्या वऱ्हाडी माणसाला वाट पाहण्याच्या गाण्यांसाठी कुठे दूर जावे लागत नाही. कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत महिनाभर गावोगावच्या विठ्ठल मंदिरात पहाटे काकडा असतो. बार्शीटाकळीत पहाटेच्या अजानीमागून टाळांचा आवाज येतो आणि अंथरुणातच कळते, आता भूपाळ्या सुरू झाल्या. यंदा त्रिपुरी पौर्णिमा 24 नोव्हेंबरला आहे. म्हणजे मंगळवारी काकडा संपला की त्याच आठवड्याच्या रविवारी आगमनकाळ सुरू. गावाच्या कानात पहाटेचे सूर अजून घुमत असतात. अशा वेळी चर्चमध्ये पहिले गाणे भूपाळीच्या चालीचे लावले, तर ते शिकवावेच लागत नाही. दुसऱ्या कडव्याला सगळी मंडळी सुरात असते.

चालीपुरतेच हे जुळत नाही. तीन वर्षांच्या ज्या शास्त्रपाठ-क्रमावर अनेक मंडळ्या चालतात, त्यात यंदाचे वर्ष मार्काच्या शुभवर्तमानाचे आहे आणि पहिल्या रविवारचा पाठ त्याच्या तेराव्या अध्यायातला आहे. घरधनी परगावी गेला आहे, द्वारपाळाला जागे राहायला सांगितले आहे आणि धनी कोणत्या प्रहरी परतेल याचा नेम नाही. मार्क तिथे रात्रीचे चार प्रहर नावानिशी मोजतो: संध्याकाळ, मध्यरात्र, कोंबडा आरवण्याची वेळ, पहाट. काकड्याला जाणाऱ्या माणसाला या यादीतला तिसरा आणि चौथा प्रहर कोणी समजावून सांगायला नको.

देवळातल्या भूपाळीत भक्त देवाला उठवतो. आगमनकाळाच्या या पाठात देव माणसाला उठवतो. दिशा उलटी म्हणून ही चाल ख्रिस्ती उपासनेला शोभत नाही, असे एका वडीलधाऱ्या बंधूंनी मला एकदा कळकळीने सांगितले होते. त्यांचा आक्षेप मनात घोळत असताना यशयाचे पुस्तक पुन्हा उघडले. एक्कावन्नाव्या अध्यायाच्या नवव्या वचनात लोक परमेश्वराच्या बाहूलाच जागा हो म्हणून हाक मारतात, पूर्वीच्या दिवसांसारखा पराक्रम दाखव म्हणतात. आठ वचने पुढे गेले की हाक फिरते आणि यरुशलेमेला उठायला सांगितले जाते. बावन्नाव्या अध्यायाच्या आरंभी सियोनेला पुन्हा तेच. एकाच पानावर दोन्ही भूपाळ्या! माणूस देवाला उठवतो आणि देव माणसाला, आणि दोघांच्या तोंडी जवळपास तेच शब्द. त्या बंधूंना मी हे पान दाखवले. तेव्हापासून पहिल्या रविवारी पहिली ओळ तेच उचलतात.

सुरांचेही थोडे सांगायला हवे. बहुतेक भूपाळ्यांच्या चालींवर भूप रागाची छाया असते: सा, रे, ग, प, ध, एवढे पाचच स्वर. मध्यम आणि निषाद नसल्यामुळे न शिकलेल्या गळ्यालाही घसरायला जागा नाही. खरे तर शास्त्राप्रमाणे भूप हा रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग. सकाळी हेच पाच स्वर घेऊन धैवतावर वजन टाकले की देसकार होतो. तरीही मराठी माणसाची पहाट भूपातच उजाडते. 1951 साली व्ही. शांताराम यांनी होनाजी बाळावर ‘अमर भूपाळी’ काढला, तेव्हापासून तर महाराष्ट्राच्या कानात ते पक्केच बसले. संध्याकाळचा राग पहाटेला म्हणतात हे मला आगमनकाळासाठी फार मोलाचे वाटते. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात नेमकी हीच वेळ आहे: रात्र सरत आली, दिवस अजून उगवायचा.

पट्टी मात्र सांभाळावी लागते. पुरुषांना काळी एक सोयीची, बायकांना काळी चार किंवा पाच. मिश्र मंडळीत मी काळी दोनवर येतो. त्यात डिसेंबरच्या सकाळी वऱ्हाडात थंडी कडक असते, गळे बसलेले असतात, म्हणून पहिले गाणे अर्धा-एक स्वर खालीच धरतो. पहिल्या कडव्याला ढोलक नाही, फक्त झांज. दुसऱ्याला ढोलक आस्ते येते. की-बोर्डवर तयार ताल लावून दिला की भूपाळीचे मातेरे होते. तो यंत्रातला ताल कोणासाठी थांबत नाही आणि म्हातारी माणसे मागे राहतात.

इंग्रजी चालींना माझा विरोध नाही, हेही इथेच सांगतो. आयझॅक वॉट्सचे ‘जॉय टु द वर्ल्ड’ आज जगभर नाताळात म्हणतात, पण 1719 मध्ये त्यांनी ते अठ्ठ्याण्णवाव्या स्तोत्रावरून रचले. त्यात गोठा नाही, तारा नाही, मेंढपाळ नाहीत. राजा येतो आहे आणि पृथ्वीने त्याला स्वीकारावे, एवढेच आहे. ते खुशाल आगमनकाळात म्हणावे, उलट तिथेच ते जास्त शोभते. ‘सायलेंट नाइट’चे तसे नाही. 1818 च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी ते पहिल्यांदा गायले गेले. त्यातले बाळ जन्मलेले आहे. ते पहिल्या रविवारी म्हणणे म्हणजे पाचव्या महिन्यातच बारशाच्या घुगऱ्या वाटण्यासारखे आहे.

अकोला-अमरावतीकडच्या मंडळ्यांकडे या बाबतीत घरचेच एक धन आहे आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आपल्या भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे काम वाढले आणि अकोला त्याचे केंद्र झाले. या संघाचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन यांची शिकवण चतुर्विध सुवार्तेची: ख्रिस्त तारणारा, पवित्र करणारा, बरे करणारा आणि पुन्हा येणारा राजा. अलायन्समध्ये आगमनकाळ पंचांगाप्रमाणे पाळण्याची सक्ती नाही. पण चौथा मुद्दा आमच्या आज्या-पणज्यांनी इतक्या मनापासून गायला आहे, की राजाच्या येण्याची गाणी त्यांना पुस्तक न उघडता येतात. ती गाणी अंत्यविधीला आणि जागृतीच्या सभांना म्हणतात. मी ती आगमनकाळात आणतो. दोन हजार वर्षांपूर्वीचे येणे आणि यापुढचे येणे, ही दोन्ही एकाच उपासनेत आली की आगमनकाळ पुरा होतो. नुसते पहिले येणे घेतले तर आपण फक्त वाढदिवसाची तयारी करत बसतो.

दुसरा रविवार यंदा 6 डिसेंबरला आहे आणि त्याबद्दल मला फार आनंद आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 चा. ‘उपासना संगीत’ या मराठी मंडळीच्या गीतपुस्तकात त्यांची अडीचशेहून अधिक गीते आहेत. त्यांच्या आधी अहमदनगरला हेन्री बॅलंटाइन आणि कृष्णराव सांगळे यांनी वाट पाडली होती. सांगळे तर कीर्तनाला उभे राहत, आणि साकी, दिंडी, आर्या यांतून ख्रिस्तचरित्र लोकांसमोर येऊ लागले. पण वारकऱ्याची तळमळ जशीच्या तशी चर्चमध्ये आणली ती टिळकांनी. ख्रिस्ताच्या चरणांशी आपण तुकोबांच्या वाटेने आलो, असे ते उघड सांगत. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मुंबई-हावडा हा लोहमार्ग अकोल्यावरूनच जातो. स्टेशनवर उभा असलो की मला हे हटकून आठवते.

अभंग आगमनकाळाला इतका का जमतो? कारण अभंगातला भक्त बहुधा वाटेवर असतो, पोहोचलेला नसतो. आळवणी, हुरहुर, उशीर का लावलास म्हणून हक्काने केलेला रुसवा: हे सगळे स्तोत्रकर्त्याकडे आहे आणि टिळकांकडेही आहे. म्हणून यंदा दुसऱ्या रविवारी सगळी गीते टिळकांचीच घ्यायची, असे मी सुचवले आणि मंडळींनी मानले. त्या दिवसाचा पाठ यशयाच्या चाळिसाव्या अध्यायाचा आहे: रानात वाट तयार करायची, खोल जागा भरायच्या, उंचवटे उतरवायचे. काळ्या मातीतल्या पांदण रस्त्याने पावसाळ्यात बैलगाडी काढलेल्या माणसाला हा पाठ कळायला वेळ लागत नाही.

त्याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणाला 70 वर्षे होतात. आधीचे दोन-तीन दिवस दादरकडे जाणाऱ्या गाड्या भरभरून जातात आणि जे जात नाहीत ते आपापल्या वस्तीत अभिवादनाला जमतात. आमच्या कितीतरी शेजाऱ्यांसाठी तो गंभीर दिवस आहे. त्या रविवारी ढोलक नको, नुसती पेटी आणि टाळ, असे मी आधीच सांगून ठेवले आहे. शेवटचे गीत मरीयेच्या स्तोत्रावरचे. लूकाच्या पहिल्या अध्यायात ती गाते तेव्हा बलवान आसनांवरून खाली येतात, दीन वर चढतात, भुकेले तृप्त होतात. पाठ-क्रमात हे स्तोत्र यंदा तिसऱ्या रविवारी येते. मी ते एक आठवडा आधी घेतो आहे, आणि 6 डिसेंबरला ते म्हणणे मला फार योग्य वाटते.

तिसऱ्या रविवारबद्दल फार सांगण्यासारखे नाही. तो आनंदाचा रविवार. ढोलक परत येते, संडेस्कूलची मुले पुढे उभी राहतात आणि एक नवे गीत शिकवतो. एका आगमनकाळात एकच नवे गीत शिकवावे, अधिक नाही. घरोघरी जाणारी कॅरलची फेरी मी कधी अडवत नाही. ती रस्त्यावरची, शेकोटीभोवतीची गोष्ट आहे. चौथ्या रविवारच्या संध्याकाळपासून तिने हवे ते म्हणावे.

चौथा रविवार 20 डिसेंबर. पाठ देवदूताच्या निरोपाचा आणि मरीयेच्या होकाराचा. यासाठी माझ्या मनात ओवी आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे जेझुइट 1579 मध्ये गोव्याला आले आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापले गेले. त्यात दहा हजारांवर ओव्या आहेत, आणि त्यातले चार हजारांहून अधिक ओव्यांचे सबंध पहिले पुराण ख्रिस्तजन्माच्या आधीचे आहे: आदामापासूनची वचने, संदेष्टे, वाट पाहणाऱ्या पिढ्या. इतका मोठा आगमनकाळ मराठीत दुसऱ्या कोणी लिहिलेला मला ठाऊक नाही. जन्माची गोष्ट सांगायची घाई त्या माणसाला नव्हती. त्याने वाचणाऱ्याला आधी वाट पाहायला लावली.

आमच्या मंडळीतल्या वयस्क बायकांनी जात्यावरची ओवी तोंडाने म्हटलेली आहे. कापूस वेचताना आजही त्यांच्यातली एखादी गुणगुणते. निरोपाच्या पाठानंतर पुरुषांनी गप्प बसायचे, पेटी बंद, आणि बायकांनीच चार ओव्या म्हणायच्या, असे ठरले आहे. ओव्या त्यांनी स्वतः जुळवल्या आहेत. चाल अजून ठरलेली नाही. अकोल्याकडच्या बायकांना शेवटच्या चरणावर आवाज लांबवायची सवय, वाशीमकडून लग्न होऊन आलेल्या दोघी तो तिथेच तोडतात, आणि दोन्ही बाजू आपापल्या आईच्या चालीवर अडून आहेत. मला दोन्ही चाली आवडतात. निवड त्यांच्यावर सोडली आहे. बुधवारच्या प्रार्थनेनंतर तालीम असते.